विमान मोठे, म्हणून दर मोठा?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत एका प्रादेशिक विमान कंपनीत सहवैमानिक आहे. नव्या वेतनकरारावरून सध्या तिच्या सहकाऱ्यांत दोन तट पडले आहेत. 50 आसनी आणि 76 आसनी विमानांसाठी तासाचा दर एकच असावा, असे काहींचे म्हणणे आहे. मोठ्या विमानाला जास्त दर हवाच, असे बाकीच्यांचे. काम तेच असताना आसनांवरून पगार का ठरावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काम तेच, हे आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. बॉम्बार्डियरच्या सीआरजे 200, 700 आणि 900 या विमानांना तिकडे एकच टाइप रेटिंग (म्हणजे त्या प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) चालते. त्यामुळे सकाळी 50 प्रवासी नेलेला वैमानिक दुपारी 76 प्रवासी घेऊन निघू शकतो आणि दर वेगळे असतील, तर त्याच्या कष्टाचे एकाच दिवशी दोन भाव होतात.

आकाराचा हिशेब आला तो जुन्या काळातून. पगार तासावर असला की विमान जितके वेगवान, तितके त्याच मार्गावरचे तास कमी, म्हणजे प्रगतीचा फटका वैमानिकालाच. म्हणून 1930च्या दशकात अमेरिकेत वेग हिशेबात धरला गेला आणि पुढे वजनही आले. मोठे विमान तासाभरात जास्त कमाई करते, तर त्यात चालवणाऱ्याचा वाटा हवा, हे त्यामागचे तत्त्व आजही रास्त आहे.

प्रादेशिक कंपन्यांत मात्र गुंता आहे. तिथे बहुतेक तिकिटे डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकन या मोठ्या विमान कंपन्यांच्या नावाने विकली जातात आणि प्रादेशिक कंपनीला उड्डाणांचा ठरलेला मोबदला मिळतो. वाढीव 26 आसनांचे पैसे आमच्या गल्ल्यात येतच नाहीत, असे व्यवस्थापन म्हणते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. कारण स्वस्त वैमानिक दाखवूनच तर ही कंत्राटे मिळवली जातात.

76 हा आकडाही मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांच्या करारातून आला आहे. आपले काम स्वस्त हातांत जाऊ नये म्हणून त्यांनी प्रादेशिक विमानांना 76 आसने आणि 86,000 पौंड कमाल वजन ही मर्यादा घालून घेतली. 50 आसनी विमानांनाही वजनाची अशीच मर्यादा असल्याने 2019 मध्ये युनायटेडसाठी सीआरजे 550 पुढे आले : सांगाडा मोठ्या सीआरजे 700चा, आसने 50 आणि कागदोपत्री कमाल वजनही घटवलेले. आसनांवर किंवा वजनावर दर बांधला, तर तो असा वाकवता येतो.

म्हणून माझे मत एकाच दराच्या बाजूचे आहे, पण तो दर 76 आसनी विमानाचा असावा आणि वाढ सेवेच्या वर्षांवर मिळावी. दोन्हींची सरासरी काढून ‘समान दर’ म्हणून पुढे केला, तर मोठ्या विमानाचा भाव सर्वांसाठी खाली येईल आणि तोच आकडा शेजारच्या कंपनीच्या वाटाघाटीत तोंडावर फेकला जाईल.

भाचीला आणखी एक सांगा. दर पाहण्याआधी महिन्याला किमान किती तासांचे वेतन हमखास मिळते, ते तिने पाहावे. अनेक करारांत ते साधारण 75 तास असते. शिवाय घड्याळ बहुधा विमान गेटवरून हलल्यावरच सुरू होते. प्रवासी चढेपर्यंतचा आणि वादळामुळे गेटवर ताटकळण्याचा वेळ मोजला जाणार का, हा प्रश्न तिने संघटनेच्या बैठकीत जरूर विचारावा.