नाना, जहाज मेल्यावर त्याचं काय होतं?

गेल्या अंकात सहज लिहून गेलो की नेव्हीतली माझी सगळी वर्षं इंजिनरूममध्ये गेली आणि एका जहाजाला निरोप द्यायला मी स्वतः उभा होतो, तर त्यावरच एवढे प्रश्न आले की केळीच्या भावाचं विचारणारे मागे पडले. आपल्या जळगाव-धुळ्याकडे समुद्र नाही, तापीला पूर आला की पुलावर जाऊन बघायचं तेवढंच आपलं पाणी, तरी भंगार म्हटलं की खान्देशी माणसाचे कान टवकारतात हे खरं. निवडक प्रश्न घेतलेत, एकाच अर्थाचे एकत्र केलेत.

टीव्हीवर दाखवतात, झेंडा उतरवला, सगळ्यांचे डोळे भरले. पण दुसऱ्या दिवशी त्या जहाजावर कोण असतं? (एक शिक्षक, पाचोरा)

गुरुजी, बरोबर जागी बोट ठेवलंत. झेंडा सूर्यास्तालाच उतरतो, आणि त्याच्यासोबत डोलकाठीवरची एक लांब पताका उतरते, कमिशनिंग पेनंट म्हणतात तिला, जहाज सेवेत आलं त्या दिवशी चढलेली असते आणि सेवा संपते तेव्हाच कायमची खाली येते. विराट या आपल्या विमानवाहू जहाजाची ६ मार्च २०१७ ला मुंबईत उतरली. हे सगळं वर डेकवर, बँड वगैरे, घरचे लोक आलेले.

आम्ही इंजिनरूमवाले मात्र खाली वेगळंच बघतो. जहाजावर शांतता कधी नसतेच हो, ब्लोअरची घरघर, पंप, जनरेटर, त्याच आवाजात झोप लागते, उलट आवाज बदलला की माणूस झोपेतून उठून बसतो. त्या संध्याकाळी शेवटचा जनरेटर बंद केला आणि एकेक काटा खाली यायला लागला, ऑइल प्रेशर, मग व्होल्टेज. माझा हात सवयीने गेजच्या काचेवर टिचकी मारायला गेला, काटा अडकला की आम्ही तसं करतो. अडकला नव्हता, शून्यावरच होता. वर बँड वाजत होता ते खाली पहिल्यांदाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी असतात थोडेच लोक. दारूगोळा, मिसाईल, टॉर्पेडो हे तर आधीच निघालेलं असतं, मग इंधन, मग तोफा, रडार, पाण्याखालचा आवाज टिपणारं सोनार यंत्र, गुप्त संदेशाची यंत्रं, जे जे दुसऱ्याच्या हाती लागू नये ते. आणि त्याच जातीच्या दुसऱ्या जहाजावरचे लोक स्पॅनर घेऊनच येतात, हा व्हॉल्व्ह आम्हाला, तो पंप आम्हाला, मयताच्या घरी दहाव्याच्या आधीच वाटणीला यावं तसं. राग यायचा, पण मीही दुसऱ्या जहाजांवर तेच केलेलं आहे, जुन्या मशीनचे पार्ट बाजारात मिळत नाहीत तर काय करणार. मग उरलेलं कवच धक्क्याला पडून राहतं. किती दिवस ते विचारू नका. पहिली विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली आणि तिला टॉर्च, म्हणजे तोडायचा गॅसकटर, लागला २०१४ च्या नोव्हेंबरात.

आमचा भंगाराचा धंदा तीन पिढ्यांचा. नेव्हीचं जहाज आपल्यासारख्याला लिलावात घेता येतं का? भाव कसा काढतात? (एक व्यापारी, धुळे)

येतं की, कागदावर. केंद्र सरकारच्या एमएसटीसी कंपनीमार्फत ई-लिलाव होतो, नोंदणी करा, अनामत भरा, माल जाऊन बघा. विक्री "जसं आहे, जिथे आहे" या बोलीवर, म्हणजे ओढून न्यायचा खर्च तुमचा, आत काय निघेल ते नशीब तुमचं. भाव धरतात तो एलडीटीवर, म्हणजे इंधन, पाणी, माल सगळं वजा करून नुसत्या रिकाम्या जहाजाचं वजन. तुमच्या काट्यावर ट्रकचं रिकामं वजन वजा करता ना, तसा हिशोब, फक्त इथे रिकाम्याचेच पैसे.

जिवंत हत्ती लाखाचा, मेला तर सव्वा लाखाचा म्हणतात, पण जहाजाला हे नेहमी लागू पडत नाही बरं का भाऊ. विक्रांत ६० कोटींना गेली आणि तिच्यापेक्षा मोठी विराट ३८ कोटी ५४ लाखांना. आणि अमेरिकेने २०२१ मध्ये किटी हॉक आणि जॉन एफ. केनेडी ही दोन अवाढव्य विमानवाहू जहाजं एकेका सेंटला विकली, हो एकेका सेंटला, कारण तिथे कायद्याने तोडायची म्हणजे मजुरी, अ‍ॅस्बेस्टॉस, विषारी रंग, पीसीबी नावाच्या विषारी रसायनाच्या केबली या सगळ्याची विल्हेवाट लावता लावता लोखंडाचे पैसे संपतात. म्हणून लिलावात फक्त टनाचा भाव बघू नका. विष किती टन आहे तेही बघा.

नाना, इतलं लोखंड जास कथा? (म्हणजे एवढं लोखंड जातं कुठे? शिरपूर, अमळनेर, साक्री, तिघांचा एकच प्रश्न)

आपल्या जवळच जास भो! विक्रांत मुंबईतच रे रोडजवळ दारूखान्याला तोडली, पण विराट गेली भावनगर जिल्ह्यातल्या अलंगला, सप्टेंबर २०२० मध्ये, टगने ओढत, कारण स्वतःचं इंजिन बंदच होतं. अलंगला १९८३ पासून हा धंदा आहे आणि तो तिथेच का तर खंभातच्या आखाताची भरती. दहा-दहा मीटर पाणी वरखाली होतं आणि किनारा सपाट. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज जोरात आणून चिखलात घुसवतात, ओहोटी लागली की बसलं जमिनीवर, नांगरटीत ट्रॅक्टर रुतावा तसं, ना क्रेन ना ड्राय डॉक. पुढून कापत जायचं, हलकं झालं की पुढच्या उधाणाला विंचने अजून वर ओढायचं.

कापणं म्हणजे लगेच गॅसकटर घेऊन भिडायचं नाही. आधी टाक्या रिकाम्या करून गॅस नाही ना ते तपासतात, कारण तेलाच्या टाकीत वाफ राहिली आणि ठिणगी पडली तर माणूस सापडत नाही. मग अ‍ॅस्बेस्टॉस, जुन्या जहाजात पाइपांभोवती, बॉयलरभोवती गुंडाळलेलं पांढरं पांढरं असतं ते ओलं करून वेगळं काढायचं. आम्ही पोरं असताना ते हाताने काढायचो, मास्क वगैरे कोण देतं, तेव्हा कुणाला माहीतही नव्हतं, आता ज्यांना खोकला आहे ते सांगतात. मग जिथून कापायचं त्या रेषेवरचा रंग चार-पाच बोटं रुंद खरवडून घ्यायचा. भुसावळच्या, एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्या पोरांनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय, जुन्या रंगावर सरळ टॉर्च मारता ना तेव्हा जो पिवळट धूर येतो त्यात शिसं असू शकतं, आणि तो तुम्ही बिडीसारखा ओढताय.

प्लेटा निघाल्या की रोलिंग मिलला, तिथे बऱ्याचदा वितळवत नाहीतच, तापवून थेट सळई लाटतात. म्हणून घर बांधताना सळई स्वस्त मिळाली तर आयएसआयचा मार्क बघा. तांबं, पितळ, जहाज ढकलणारा ब्राँझचा पंखा यांचे पैसे वेगळे. पाणबुडीचं गणित अजून निराळं, जाड आणि चिवट पोलादाचं कवच, रशियन बनावटीची असेल तर एकात एक अशी दोन कवचं, वरून रबराच्या फरश्या चिकटवलेल्या, शत्रूच्या सोनारला ऐकू जाऊ नये म्हणून, त्या आधी उपटायच्या, आणि पोटात शेकडो शिशाच्या बॅटऱ्या. आपल्या ट्रकच्या बॅटरीत जे शिसं असतं तेच, फक्त एकेक सेल माणसाएवढा.

रावेरला केळी आहे. शेततळ्यातून ड्रिपला पाणी द्यायला अलंगची जहाजाची मोटर-पंप घेतली, इंपोर्टेड, वजनदार, पण प्रेशरच येत नाही आणि मोटर तापते. फसलो का? (एक शेतकरी)

दादा, फसलात, आणि तुमच्या आधी मी फसलोय. जन्म इंजिनरूममध्ये घालवलेला माणूस, ब्राँझचा इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, बघून हुरळलो आणि पाटी वाचलीच नाही. ज्याच्याकडून घेतली त्याने "साहेब, जपानी आहे" एवढंच सांगितलं आणि ते खोटं नव्हतं.

मोटरवरची पितळी पाटी घासून वाचा. ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं असणार, फेरे १७५० च्या आसपास. बहुतेक जहाजांवर वीज ६० हर्ट्झची, आपली महावितरणची ५०. म्हणजे तुमच्याकडे ती फिरते साडेचौदाशेने. फेरे सहाव्या हिश्श्याने कमी झाले की पाणी तेवढंच कमी होतं, पण प्रेशर वर्गाच्या हिशोबात पडतं, जो पंप ६० फूट चढवायचा तो ४२ फुटांवर दम टाकतो. आणि हर्ट्झ कमी, व्होल्टेज त्या मानाने जास्त, म्हणून तापते. व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलून देणारं यंत्र, लावून ६० वर चालवता येईल, पण त्याचे पैसे घालण्याआधी पंप मुळात कशाचा होता ते बघा, इंजिन थंड करायचा समुद्राच्या पाण्याचा असेल तर तो भरपूर पाणी कमी उंचीला ढकलणारा असतो, ड्रिपच्या कामाचाच नाही. माझा आता दाराशी पडलाय, नातवंडं त्याच्यावर बसतात.

त्रापज ते अलंग रस्त्यावरच्या दुकानांत जायचं तर बिनधास्त जा, कपबश्या, गाद्या, लाकडी कपाटं, लाइफ जॅकेट, दोरखंड मस्त मिळतात, नंदुरबारकरांना तर हजिरा-घोघा फेरी झाल्यापासून आखाताचा वळसाही नको. यार्डात मात्र परवानगीशिवाय सोडत नाहीत.

मी अकरावी सायन्सला आहे. अणुपाणबुडी भंगारात काढली तर रेडिएशनचं काय? (एक विद्यार्थिनी, भुसावळ)

बेटा, आपल्या देशावर ही वेळ अजून आलेली नाही, रशियाकडून भाड्याने आणलेली चक्र २०१२ ला आली आणि २०२१ ला परत गेली, तिचं ते बघतील. अमेरिका हे काम वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टनच्या गोदीत करते. आधी अणुइंधन काढायचं, मग पाणबुडीचा रिअ‍ॅक्टरचा तेवढा तुकडा आडवा कापून, दोन्ही तोंडं सील करून, बार्जवर, म्हणजे सपाट मालबोटीवर, घालून कोलंबिया नदीतून हॅनफर्डला न्यायचा आणि उघड्या खंदकात ओळीने मांडून ठेवायचा. असे शंभरच्या वर तुकडे तिथे आहेत. इंधन काढलं तरी रिअ‍ॅक्टरचं पोलादच वर्षानुवर्षं न्यूट्रॉन खाऊन किरणोत्सारी झालेलं असतं, म्हणून ते सळईच्या मिलला जाऊ शकत नाही.

ब्रिटनने मात्र नुसतं उद्यावर ढकललं. त्यांची पहिली अणुपाणबुडी ड्रेडनॉट १९८० ला निवृत्त झाली, चाळीस वर्षं उलटली तरी रोसाइथच्या गोदीत आपली उभीच. आणि रशियाची के-१५९ तर २००३ च्या ऑगस्टमध्ये तोडायला ओढून नेताना वादळात बुडाली, इंधन आतच, दहातली नऊ माणसं गेली. निवृत्त पाणबुडीवर माणसं मरतात याचं मला आजही फार वाटतं.

उलटी एक गंमत सांगतो, फिजिक्सच्या मॅडमना विचार. १९४५ नंतर अणुचाचण्यांमुळे हवेतच किरणोत्सार आला आणि तीच हवा वापरून बनलेल्या पोलादात तो किंचित उतरला. म्हणून अतिसूक्ष्म मोजमापाच्या यंत्रांना त्याआधीचं पोलाद लागायचं, आणि ते कुठून, तर स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये १९१९ ला जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या युद्धनौकांमधून.

विराट तोडली ही शरमेची गोष्ट आहे. म्युझियम करता आलं नसतं का? तुम्ही नेव्हीवाले गप्प कसे बसलात? (चाळीसगाव)

रागावू नका भाऊ, रडलो मीही. पण हिशोब ऐका. विक्रांत मुंबईत म्युझियम म्हणून होतीच की, लोक जायचे, मीही घरच्यांना घेऊन गेलो, पण खारं पाणी कुणाची भीड ठेवत नाही, दर काही वर्षांनी गोदीत घेऊन तळ घासायचा, प्लेटा बदलायच्या, त्याचे पैसे कोण देणार यावर सगळे एकमेकांकडे बघत बसले. २०१२ ला धोकादायक म्हणून लोकांना बंद केली आणि शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन तोडली. विराटसाठी आपल्या राज्य सरकारने २०१८ ला सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचा बेत मंजूरही केला होता. झालं काही नाही. नंतर अलंगला पोचल्यावर एका कंपनीने ती परत विकत घेऊन वाचवायचं म्हटलं, संरक्षण मंत्रालयाची एनओसी मिळाली नाही, कोर्टाची स्थगिती आली तेव्हा कटर लागलेलाच होता, म्हणजे वाचवणार कुणाला.

मला विचाराल तर म्युझियम करायचं तर विशाखापट्टणमच्या कुरसुरा पाणबुडीसारखं करा, पाण्यात ठेवलीच नाही, सरळ ओढून बीचवर वाळूत काँक्रीटवर बसवली, २००२ पासून लोक आतून फिरून येतात. मुलांना न्या एकदा, आतल्या बंकवर आडवं होऊन बघा म्हणावं. नाहीतर वेळेत तोडा. धक्क्याला बांधून गंजत ठेवणं, वर कबुतरं, खाली भोक पडून पंप चोवीस तास चालू, हे मी बघितलंय आणि त्यापेक्षा टॉर्च बरा.

जहाज मुद्दाम बुडवतात हे खरं का? (एरंडोल)

खरं. काही मिसाईलच्या सरावाला निशाण म्हणून, काही माशांना घर म्हणून, अमेरिकेने ओरिस्कानी २००६ मध्ये फ्लोरिडाजवळ तशीच बुडवली. आपल्याकडे आयएनएस गुलदार निवृत्तीनंतर एमटीडीसीकडे दिली, निवती रॉकपाशी समुद्राखालचं म्युझियम करायला. आधी तेल, केबली सगळं काढावंच लागतं.

विक्रांतचं लोखंड आहे म्हणून २०१६ ला हौसेने बजाजची व्ही१५ घेतली. आता गाडी दमली, भंगारवाला वजनावर मागतोय. देऊ का? (नंदुरबार)

देऊ नका. किती मागतोय ते कळवा, आणि आरसी तुमच्याच नावावर आहे ना?