ओळ किती जाड, मशीन किती खाते?

प्रश्न : आमची शेती मौदा तालुक्यात आहे. धान निघाल्यावर पेंचच्या पाण्यावर तीन एकरांत केंट ओट (चाऱ्याच्या ओटाचं वाण) घेतला. ट्रॅक्टर 50 अश्वशक्तीचा आहे. त्यामागे ओढायचा फोरेज हार्वेस्टर (चारा उचलून कुट्टी करणारी मशीन) घेतला, त्याचा पिकअप, म्हणजे ओळ उचलणारा भाग, दीड मीटरचा आणि माहितीपत्रकात क्षमता ताशी 12 टन दिली आहे. चारा कापायचा ड्रम मोवर 1.65 मीटरचा. कापलेले दोन पट्टे रेकनं (चारा ओढून गोळा करायच्या दातांच्या अवजारानं) एकत्र करून एक ओळ केली, तर पहिल्या कापणीला कुट्टी फेकायची नळी सारखी चोंदत होती आणि शिअर बोल्ट (जास्त भार आला की मुद्दाम तुटणारे बोल्ट) तुटत होते. रेस कमी करून हळू चालवलं तरी तेच. मोठी मशीन घ्यावी का?

उत्तर : भाऊ, मशीन विकू नका. तुमची मशीन तुमच्या शेताला पुरेशी आहे. गडबड ओळीत आहे आणि थोडी रेसमध्ये. मी जिल्ह्यात भाड्यानं कुट्टीची मशीन फिरवतो. गेलो की आधी ओळ बघतो, मशीन नंतर.

एक हिशेब पाठ करून ठेवा. एक मीटर ओळीत किती किलो चारा आहे, त्याला ट्रॅक्टरच्या ताशी किलोमीटरनं गुणा. जो आकडा येईल तेवढे टन चारा मशीनच्या तोंडात दर तासाला जातो. दुसरं काही सूत्र लागत नाही.

आता तुमच्या शेतावर लावून बघू. पहिल्या कापणीला एकरी 12 टन हिरवा ओट धरा, म्हणजे चौरस मीटरला साधारण तीन किलो. 1.65 मीटरच्या पट्ट्यात मीटरला पाच किलो झाले. फेब्रुवारीच्या उन्हात सुकवून ओलावा ऐंशी-ब्याऐंशी टक्क्यांवरून 68 वर आणला की वजन जवळपास निम्म्यावर येतं, मीटरला 2.8 किलो. तुम्ही दोन पट्टे एकत्र केले, म्हणजे 5.6 किलो. ट्रॅक्टर ताशी अडीच किलोमीटरनं चालवला तरी मशीनमध्ये 14 टन जातात. माहितीपत्रकातले 12 टन हे सपाट रान, सारखी ओळ आणि ताजी धार असेल तेव्हाचे. धानाच्या बांधीत, जिथं दर थोड्या अंतरावर धुरा (बांध) येतो, तिथं मी 9 टनांच्या वर धरतच नाही. तुम्ही दीडपट चारा कोंबत होता, बोल्ट तुटणारच. तो तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. त्याच्या जागी कडक बोल्ट टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

एकच पट्टा उचलला असता तर 2.8 गुणिले 3.2, म्हणजे बरोबर 9 टन. दुसऱ्या कापणीला एकरी पाचेक टन निघाले, तर सुकल्यावर एका पट्ट्यात मीटरला सव्वा किलोही भरणार नाही. तेव्हा मात्र दोन पट्टे एकत्र करा. 2.3 किलो, ताशी 4 किलोमीटर, पुन्हा 9 टन. एकाच पट्ट्यावर तेवढा चारा द्यायचा तर ताशी आठ किलोमीटर पळावं लागेल, आणि भेगाळलेल्या काळ्या रानात तेवढा वेग ना पिकअपला झेपत ना तुमच्या कमरेला.

अंदाजावर जाऊ नका, तोलून बघा. ओळीवर दोन मीटर मापा, दोन्ही टोकांना विळ्यानं आडवं कापा, मधलं सगळं ताडपत्रीवर घ्या आणि तानकाट्याला (लटकवायच्या वजनकाट्याला) लटकवा. वजनाचं निम्मं करा. दाट, विरळ आणि मध्यम अशा तीन जागी हे करा, आणि गिअर ठरवा दाट जागेवरून. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता रुंदी. दीड मीटरच्या पिकअपला ओळ 1.2 ते 1.3 मीटर हवी, माथा सपाट आणि कडेपर्यंत सारखी जाड. ड्रम मोवरचा पट्टा मधे उंच, कडेला पातळ पडतो. तो तसाच उचलला तर मधला ढीग वरचा रोलर उचलून धरतो आणि कडेचा चारा पकडीशिवाय आत घसरतो. ट्रॉलीतली मूठभर कुट्टी हातावर पसरून बघा. एक-दीड सेंटीमीटरच्या तुकड्यांत बोटभर लांब पानं दिसली, तर ती याच कडेची. मशीनची कापायची पातीही मग फक्त मधल्या भागात झिजतात. म्हणून एक पट्टा उचलायचा असला तरी तो आधी पसरून सुकवा आणि मग रेकनं हव्या रुंदीत ओढा. उचलताना रेक ज्या दिशेनं गेला त्याच दिशेनं जा.

रेसचं. हळू जायचं म्हणून तुम्ही रेस कमी केली, तिथं नळी चोंदली. पीटीओ, म्हणजे मशीन फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला 540 फेऱ्यांवरून खाली आला की मशीनमधल्या कापणाऱ्या ड्रमची फेकच संपते आणि कापलेला चारा नळीत बसतो. रेस 540 ची कायम ठेवा, वेग फक्त गिअरनं बदला.

आणि हात जोडून सांगतो, चोंदलेली नळी मोकळी करताना पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. ड्रम त्यानंतरही फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याचं डोळ्यांनी दिसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, आणि गड्यालाही लावू द्यायचा नाही. घाईत बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

प्रश्न : काटोलहून. रेक खाली दाबून लावला की एक काडी मागे राहत नाही, पण मुरघासाला (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्याला) घाण वास येतो. ओलावा जास्त म्हणावा तर मुठीत दाबून पाणी गळत नाही.

उत्तर : ओलावा ठीक आहे, चाऱ्यात माती जाते आहे. मातीतले जिवाणू मुरघासात ब्युटिरिक आम्ल तयार करतात, तो वास त्याचाच. गाई असा चारा उष्टावून सोडतात. कापतानाच बुडखे सात-आठ सेंटीमीटर ठेवा आणि रेकचे दात बुडख्यांना जेमतेम घासतील इतके वर घ्या. थोड्या काड्या रानात राहिल्या तर राहू द्या. दात बरोबर लागले की नाही हे ओळीखाली हात घालून बघा. ढेकळं हाताला लागली तर रेक आणखी एक खाच वर.