पिंप्राळ्याहून महाबळला, माशांसकट

प्रश्न : भाऊ, आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहतो, येत्या रविवारी महाबळला शिफ्ट होतोय, चार-पाच किलोमीटर असेल. घरात तीन फुटी टँक आहे, चार मोठे गोल्डफिश आणि एक सकर, तो काचेला चिकटून राहणारा मासा. मिस्टर म्हणतात अर्धं पाणी काढू आणि टँक तसाच उचलून छोटा हत्तीत ठेवू, एवढ्याशा अंतराला काय होतंय. मुलगा म्हणतो मासे आधी काढा. मला वाटतं निमित्त आहे तर फिल्टर, खडे सगळं धुऊन चकाचक करून घ्यावं. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, मुलाचं ऐका. मिस्टरांचं नको आणि राग मानू नका पण तुमचंही नको, तुमचा बेत तर त्यांच्यापेक्षा धोक्याचा आहे.

आधी मिस्टरांचं. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टँक धरला तर साधारण 125 लिटर पाणी, म्हणजे 125 किलो. अर्धं काढलं तरी साठेक किलो राहिलं, वर खडे आणि काच. आणि नुसतं वजन नाही, प्रत्येक स्पीडब्रेकरला ते पाणी आतल्या आत आपटतं आणि सगळा ताण सिलिकॉनच्या जोडावर येतो. मी स्वतः भुसावळात घर बदललं तेव्हा चार बोटं पाणी आणि सगळे खडे आत ठेवून टँक उचलला होता, दोघा मित्रांनी धरला, व्यवस्थित पोचला, मी खुश. तिसऱ्या दिवशी सकाळी सतरंजी ओली. कोपऱ्यातला जोड खालून उघडला होता, मी हातात पोछा घेऊन उभा आणि शेजारच्या आजी दारातून विचारतायत, "काय व्हयनं रे भाऊ?" त्यामुळे टँक पूर्ण रिकामा, खाली थर्माकोलची शीट, आणि उचलताना वरच्या काठाला नाही, तळाला हात.

आता तुमचं धुणं. फिल्टरच्या स्पंजमध्ये जो तपकिरी चिकट गाळ दिसतो ना, त्यात बॅक्टेरिया असतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी, हे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट त्यामानाने सौम्य. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याखाली स्पंज धुतला की ही सगळी वस्ती साफ. मग मासे प्रवासात मरत नाहीत, नव्या घरी चौथ्या-पाचव्या दिवशी मरतात आणि आपण म्हणतो जागा मानवली नाही! मला विचाराल तर टँक हलवायचा म्हणजे खरं तर फिल्टर हलवायचा असतो. स्पंज आणि आतला मीडिया, म्हणजे फिल्टरमधलं बाकीचं गाळायचं सामान, टँकच्याच पाण्यात बुडवून उघड्या डब्यात न्या, सुकू द्यायचा नाही आणि घट्ट झाकणही लावायचं नाही, त्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागतो. खडे तेवढे धुवा, पण टँकमधून काढलेल्या पाण्यातच, कारण तळातली घाण ढवळली की तीही माशांना बाधते.

शनिवारी सकाळनंतर खायला देऊ नका, एक दिवसाने काही उपाशी मरत नाहीत, उलट बादलीतलं पाणी कमी घाण होतं. रविवारी सकाळी सहालाच लागा, मे महिन्यात आपल्याकडे दहा वाजता काय ऊन असतं ते मी सांगायला नको, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी. थंडीतला हीटर अजून आत असेल तर पाणी उपसायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद करा, नाहीतर काच तडकते. 20 लिटरचे पाण्याचे जार मिळतात त्यात निम्म्याहून जास्त जुनं पाणी भरून घ्या. पाणी वीतभर राहिलं की मासे पकडणं सोपं, एका बादलीत दोन गोल्डफिश, टँकचंच पाणी, झाकण सैल, जमलं तर बॅटरीवरचा एअर पंप. सकरला जाळी लावू नका, त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात, प्लास्टिकच्या डब्याने काढा आणि वेगळा ठेवा. बादल्या गाडीच्या मागे उन्हात नकोत, पायाशी घेऊन बसा.

तिकडे गेल्यावर फ्रिज, कपाट नंतर, टँक आधी. खडे, जुनं पाणी, फिल्टर चालू, मासे सगळ्यात शेवटी. कमी पडेल ते पाणी आदल्या दिवशी नव्या घरी बादल्यांत उघडं भरून ठेवा किंवा अँटी-क्लोरीन टाका, पण गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट ओतू नका, ते चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. आठवडाभर खाणं निम्मं.

प्रश्न : चाळीसगावला घर बदलल्यावर दोन दिवसांत टँकचं पाणी दुधासारखं पांढरं झालं, मासे ठीक आहेत. सगळं पाणी बदलू का?

उत्तर : नका बदलू. बॅक्टेरियांचा तोल बिघडला की असं होतं, बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप निवळतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर मात्र पाव पाणी बदला आणि एअर पंप वाढवा. आणि रात्री आवाज होतो म्हणून घरात कोणी फिल्टरचं बटण बंद करत नाही ना, ते आधी बघा.