इन्फेक्शियस डिसीज की कार्डिओलॉजी?

प्रश्न: माझी मेडिसिनची रेसिडेन्सी संपत आलीये. मला इन्फेक्शियस डिसीजमध्ये जायचंय, पण घरचे म्हणतात कार्डिओलॉजी कर, यात ना प्रोसिजर ना पैसा, वर रोज इन्फेक्शनची भीती. आणि अँटिबायोटिक तर कोणीही डॉक्टर लिहितो, मग वेगळा स्पेशालिस्ट हवाच कशाला?

उत्तर: पैशाचं घरचे बरोबरच बोलतायत. अँजिओप्लास्टी करणाऱ्याला जे मिळतं ते नुसता सल्ला देणाऱ्याला सहसा मिळत नाही, त्यामुळे पुढे बदलेल या आशेवर येऊ नका. भीती म्हणाल तर सुई टोचायची धास्ती सर्जनलाही असतेच की.

आता "कोणीही लिहितो" हे खरंय, आणि आम्हाला कामही तिथूनच मिळतं! समजा 3 आठवडे ताप उतरत नाहीये, अँटिबायोटिक्स 2-3 वेळा बदलून झाली, रिपोर्टची फाइल जाडजूड झालीये, आणि मग आम्हाला कॉल. आम्ही काय करतो, तर बसतो आणि विचारत सुटतो, गुरं आहेत का, कच्चं दूध पिता का, कुठे जाऊन आलात, दात काढला होता का. कच्चं दूध म्हटलं की ब्रुसेला हा गुरांकडून येणारा जंतू डोक्यात येतो, मग आधी लॅबला फोन करायचा, कारण तो हळू वाढतो आणि जंतू वाढवलेली प्लेट उघडून हाताळणाऱ्या टेक्निशियनलाच लागण होऊ शकते. कधी कधी तर ताप औषधाचाच निघतो, ते बंद केलं की उतरतो.

रक्तात स्टॅफ ऑरियस हा जंतू सापडला तर आयडीचा (म्हणजे आम्हा इन्फेक्शियस डिसीजवाल्यांचा) सल्ला घेतलेल्या पेशंटमध्ये मृत्यू कमी होतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यात जादू नाही हो, कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) पुन्हा पाठवा, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा, इन्फेक्शन झालेली शिरेतली लाइन काढा, औषध पुरेसे दिवस द्या, एवढंच, पण कोणीतरी हट्टाने मागे लागावं लागतं.

आणि हे मागे लागणंच सगळ्यात जड जातं. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 सालच्या नोबेल भाषणातच रेझिस्टन्सचा, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा, इशारा दिला होता, तरी ऑपरेशननंतर "राहू दे अजून 5 दिवस, काय बिघडतं" म्हणणाऱ्या सीनियर सर्जनला न दुखावता औषध थांबवायला लावणं हे आजही आम्हालाच करावं लागतं. पेशंट त्यांचा, तुम्ही फक्त नोट लिहिणार, ती ते मानतील किंवा नाही मानणार. बऱ्याच हुशार मुलांना हेच सहन होत नाही.

म्हणून फॉर्म भरण्याआधी महिनाभर आयडी टीमबरोबर राउंड घ्या, आणि मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्येही बसा थोडे दिवस.