वाचक विचारतात : इलियडमधला घोडा गेला कुठे?

पाऊस धरला, होड्या वर ओढल्या गेल्या आणि वाचनालयांतली जाड पुस्तकं घरोघर जाऊ लागली, हे या महिन्याच्या टपालावरून कळतंच. ट्रॉयच्या युद्धावर इतके प्रश्न आले की या वेळी सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न (मालवण) : इलियडचा मराठी अनुवाद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सोन्याचं सफरचंद नाही, लाकडी घोडा नाही, अकिलीसची टाच नाही. आमच्या हाती कापलेली प्रत आली का?

उत्तर : नाही, प्रत पूर्ण आहे. होमर या ग्रीक कवीच्या इलियडचे २४ सर्ग आणि सुमारे १५,७०० ओळी मिळून दहा वर्षांच्या युद्धातले जेमतेम पन्नासेक दिवस सांगतात. त्यातही प्रत्यक्ष लढाई चारच दिवसांची. सुरुवात अकिलीस या ग्रीक वीराच्या रागापासून आणि शेवट ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्काराने. शेवटच्या ओळीला अकिलीस जिवंत आहे, ट्रॉयची तटबंदी शाबूत आहे. घोडा येणार कुठून?

कीर्तनकार उत्तररंगात थेट 'अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला' म्हणून सुरुवात करतो. अभिमन्यू कोणाचा कोण, हे देवळात बसलेल्यांना सांगावं लागत नाही. होमरच्या श्रोत्यांचंही तसंच होतं. पूर्वकथा त्यांना पाठ होती, म्हणून तो ती सांगत बसत नाही, जाता जाता नुसता हात लावतो.

ती पूर्वकथा 'किप्रिया' नावाच्या ११ सर्गांच्या काव्यात होती. ते काव्य हरवलं. प्रोक्लस या पुढच्या काळातल्या लेखकाने केलेला त्याचा सारांश आणि काही सुट्या ओळी तेवढ्या उरल्या आहेत. युद्धाचा पुढचा भाग 'एथियोपिस' (५ सर्ग), 'लहान इलियड' (४) आणि 'इलियनचा विध्वंस' (२; इलियन म्हणजे ट्रॉय) या काव्यांत होता. तीही गेली. अकिलीसचा मृत्यू एथियोपिसमध्ये होता, घोडा त्यानंतरच्या दोन काव्यांत. घोड्याचा उल्लेख होमरच्याच ओडिसीत तीन ठिकाणी येतो. मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं ते चित्र मुख्यतः व्हर्जिल या रोमन कवीच्या 'इनीड'च्या दुसऱ्या सर्गातलं आहे, म्हणजे होमरनंतर कित्येक शतकांनी लिहिलेलं.

आता सफरचंद, म्हणजे सर्वांत सुंदर देवी कोण या भांडणाचं फळ. तीन देवी ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्याकडे गेल्या होत्या, हे इलियडमध्ये एकदाच येतं, तेही चोविसाव्या सर्गाच्या आरंभी, पाच-सहा ओळींत. त्या त्याच्या गोठ्याशी गेल्या, त्याने दोघींचा अपमान केला आणि तिसरीची वाखाणणी केली, एवढंच. फळ नाही, फळावरची अक्षरं नाहीत. प्राचीन काळच्याच काही टीकाकारांना या ओळीही मागाहून घुसवलेल्या वाटत होत्या. 'सर्वांत सुंदर असेल तिला' अशी अक्षरं असलेलं फळ पुढच्या काळातल्या लेखकांकडे मिळतं.

टाचेचं तर उलटंच आहे. एकविसावा सर्ग पुन्हा काढून पाहा. अ‍ॅस्टेरोपायस हा वीर दोन्ही हातांनी दोन भाले एकदम फेकतो. एक ढालीवर अडतो, दुसरा अकिलीसच्या उजव्या कोपराला चाटून जातो आणि काळं रक्त येतं. होमरचा अकिलीस अभेद्य नाहीच. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवल्याची (आणि धरलेली टाच तेवढी कोरडी राहिल्याची) गोष्ट इसवी सनाच्या पहिल्या शतकात, स्टेशियसच्या लॅटिन काव्यात येते. त्याआधीची, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातली हकिगत वेगळी आहे. त्याची आई, समुद्रदेवी थेटिस, रोज रात्री मुलाला विस्तवात धरून त्याचा मर्त्य अंश जाळत असे आणि दिवसा अमृत चोळत असे. एका रात्री बाप पेलियस जागा झाला आणि ओरडला. तिने मूल खाली टाकलं आणि ती समुद्रात निघून गेली, ती कायमची. शंतनूने गंगेला आठव्या मुलाच्या वेळी अडवलं ते आठवलं ना?

प्रश्न (दापोली) : पृथ्वीला भार झाला म्हणून भारतीय युद्ध झालं, असं आपल्याकडे सांगतात. ग्रीकांकडे असं काही आहे का?

उत्तर : आहे, आणि जवळजवळ शब्दाला शब्द आहे. इलियडच्या पाचव्या ओळीत 'झ्यूसचा संकल्प पुरा होत होता' असे शब्द येतात. देवांचा राजा झ्यूस याचा हा संकल्प कोणता, ते होमर सांगत नाही. या ओळीवरच्या जुन्या टीपेत किप्रियाच्या सात ओळी टिकून राहिल्या आहेत : माणसांच्या असंख्य टोळ्यांनी पृथ्वीची रुंद छाती दडपली होती, झ्यूसला तिची दया आली आणि मृत्यूने तो भार हलका करावा म्हणून त्याने इलियनच्या युद्धाची आग पेटवली.

त्याच टीपेतला पुढचा भाग अधिक मजेशीर आहे. झ्यूसच्या मनात विजा पाडायच्या नाहीतर महापूर आणायचा होता. मोमस नावाचा दोष काढणारा देव त्याला म्हणाला, एवढा खटाटोप कशाला? थेटिसचं लग्न माणसाशी लावून दे आणि एक सुंदर मुलगी जन्माला घाल, बाकीचं काम माणसं स्वतःच करतील. त्या लग्नातून अकिलीस झाला, आणि ती मुलगी म्हणजे हेलन, जिच्यापायी युद्ध झालं. थेटिसला माणसाच्या गळ्यात बांधण्याचं दुसरं कारण पिंडार हा ग्रीक कवी देतो. तिचा मुलगा बापापेक्षा बलवान होणार, अशी भविष्यवाणी होती. तेव्हा झ्यूस आणि समुद्रदेव पोसायडन दोघेही तिच्यामागे लागले होते, ते मुकाट्याने मागे सरले.

आदिपर्वातल्या भूभाराच्या कथेशी हे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच टिपलं आहे. मात्र 'त्यांनी आपल्याकडून घेतलं' किंवा 'आपण त्यांच्याकडून' अशा निकालाची घाई करू नये. दोन्ही कथा एखाद्या जुन्या समान मुळातून आल्या असतील किंवा एकीकडून दुसरीकडे गेल्या असतील, हातातल्या पुराव्यात ते ठरत नाही.

प्रश्न (कुडाळ) : जत्रेत नाही, पण हौशी मंडळींसाठी ट्रॉयच्या पूर्वकथेवर दशावतारी पद्धतीचं एक आख्यान बसवायचं आहे. एरिस म्हणजे नारद धरला तर चालेल का? आणि कुठून कुठवर घ्यावं?

उत्तर : नारद धरू नका. नारद कळ लावतो खरा, पण त्याला कुठल्याही दरबारात मज्जाव नसतो. 'नारायण, नारायण' म्हणत तो सरळ आत येतो आणि राजा उठून उभा राहतो. एरिस ही कलहाची देवी, आणि तिचं सगळं नाट्यच तिला बोलावणं नसण्यात आहे. पेलियसच्या लग्नाला झाडून सगळे देव आले, ही एकटी वगळली गेली, आणि तिने ते सोन्याचं फळ देवींमध्ये टाकलं. म्हणून तिचा प्रवेश पडद्यामागून नको, प्रेक्षकांतून करा, माणसं बाजूला सारत. नारदाची वीणा तिच्या हाती दिलीत की प्रेक्षक पहिल्याच टाळीला हसतील आणि तिचा दंश जाईल. तिचं रूप होमरने चौथ्या सर्गात दोन ओळींत दिलं आहे : आधी ती लहानशी असते, मग पाय जमिनीवर असतानाच डोकं आभाळाला टेकतं. पहिल्या फेरीला वाकून, बारीक आवाजात बोलणारी आणि फळ टाकल्यावर बाकड्यावर चढून उभी राहणारी एरिस करता आली, तर वेगळी रंगभूषाही लागणार नाही.

चार प्रवेश पुरेत. पहिला लग्नाचा. दुसरा आयडा डोंगरावर, देवांचा दूत हर्मीस तीन देवींना घेऊन गुराखी पॅरिसकडे येतो तो. हेरा राज्य देऊ करते, अथीना युद्धात विजय, अफ्रोडायटी हेलन. फळावरची अक्षरं मागच्या रांगेला दिसणार नाहीत, ती हर्मीसने मोठ्याने वाचावीत. तिसरा प्रवेश स्पार्टाचा आणि चौथा ग्रीक आरमार जमलं त्या आउलिसच्या बंदरावरचा. तिथे सापाने चिमणीची आठ पिल्लं आणि नववी आई गिळली. त्यावरून काल्खास या ज्योतिष्याने नऊ वर्षं लढाल, दहाव्या वर्षी शहर पडेल, असं सांगितलं. हा शकुन इलियडच्या दुसऱ्या सर्गात आहे, ओडिसियस या ग्रीक राजाच्या तोंडी. त्यावर पडदा टाका.

बसवताना गडबड होते ती तिसऱ्या प्रवेशात. पॅरिसला लंपट खलनायक केलं की शृंगाराची पदं वाढतात आणि मूळ गुन्हा हरवतो. मूळ गुन्हा अतिथिधर्माचा आहे. हेलनचा नवरा, स्पार्टाचा राजा मेनेलाउस याने त्याला नऊ दिवस जेवू घातलं, दहाव्या दिवशी तो स्वतः आजोबांच्या अंत्यविधीसाठी क्रीटला गेला, आणि पाहुण्याने घरची बाई आणि घरचं धन दोन्ही नेलं. इलियडमध्ये मेनेलाउस दुःख करतो ते 'जिने तुमचं स्वागत केलं तीच माझी बायको आणि संपत्ती नेलीत' याच शब्दांत, आणि हाक मारतो ती पाहुण्यांच्या रक्षणकर्त्या झ्यूसला. संवाद आयत्या वेळी रचणाऱ्या नटाला हा मुद्दा आधी नीट समजावून सांगा. भाषणाला खाद्य इथेच आहे. हेक्टर-अकिलीसचं युद्ध याच रात्रीत कोंबू नका. पखवाजावर लढाई कितीही रंगली तरी सकाळ होईल आणि कथा उरेल.

प्रश्न (हर्णै) : ग्रीकांनी हजारभर जहाजं नेली म्हणतात. ती दहा वर्षं किनाऱ्यावर ठेवली कशी? आणि एवढी माणसं खात काय होती?

उत्तर : दुसऱ्या सर्गातली यादी बेरीज केली तर २९ तुकड्यांची १,१८६ जहाजं होतात. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याची १००, नेस्टरची ९०, अकिलीसची ५०, ओडिसियसची अवघी १२. निरेउस नावाचा देखणा राजा ३ घेऊन आला आणि त्यानंतर काव्यात पुन्हा दिसला नाही. माणसं किती, ते दोनच तऱ्हांनी सांगितलं आहे : बिओशिया प्रांताच्या जहाजावर १२०, फिलॉक्टेटीसच्या आणि अकिलीसच्या जहाजांवर ५०. थुसिडिडीस हा इतिहासकार याच दोन आकड्यांवरून सरासरी काढायला सांगतो.

जहाज लावण्याची रीत पहिल्या सर्गात पायरीपायरीने आहे आणि तुम्हाला ती ओळखीची वाटेल. खोल बंदरात शिरल्यावर शीड गुंडाळून आत ठेवायचं, दोर सैल करून डोलकाठी तिच्या खोबणीत आडवी करायची, शेवटचं अंतर वल्ह्यांनी तोडायचं. मग नांगर म्हणून मोठे दगड टाकायचे आणि मागचा दोर काठाला बांधायचा. मुक्काम लांबणार असेल तर जहाज वाळूत उंच ओढून दोन्ही अंगांना लांब टेकू द्यायचे. चौदाव्या सर्गात तर किनारा पुरला नाही म्हणून रांगांमागे रांगा लावल्याचं आहे.

झालं ते व्हायचंच होतं. नऊ वर्षांनी अगामेम्नॉन म्हणतो, लाकूड कुजलं, दोर सुटले. होडी काही महिने वर राहिली तरी फळ्या आकसून फटी पडतात आणि नारळी पौर्णिमेआधी डागडुजी करावी लागते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं. घरी परत निघायची अफवा उठते तेव्हा सैन्य धावतं, टेकू काढतं आणि जहाज ढकलायचे चर साफ करू लागतं. चर बुजलेले होते, याचा अर्थ इतकी वर्षं ती जहाजं कोणी हलवली नव्हती.

खाण्याबद्दल थुसिडिडीसचं मत असं की युद्ध लांबलं तेच रसदीपायी. सैन्याचा काही भाग समोरच्या खेरसोनीज द्वीपकल्पावर शेती करत होता आणि लूटमारीला जात होता, म्हणून सगळे एकदम वेढ्याला कधी बसलेच नाहीत. अकिलीस स्वतः सांगतो की जहाजांनी १२ आणि पायी ११ गावं लुटली. दारू लेम्नॉस बेटावरून येई आणि ती कांसं, लोखंड, कातडी, गुरं, गुलाम देऊन विकत घेतली जाई. आता कोकणी माणसाला पटणार नाही अशी गोष्ट : समुद्राच्या काठावर इतकी वर्षं बसून इलियडमधला एकही वीर मासा खात नाही. नुसतं भाजलेलं मांस. प्लेटोनेही हे नोंदवून ठेवलं आहे.

प्रश्न (गुहागर) : पोसायडन ग्रीकांच्या बाजूने का? त्याला ना सफरचंद हवं होतं, ना हेलन.

उत्तर : मजुरी बुडाली म्हणून. ट्रॉयचा राजा प्रायम याचा बाप लाओमेडॉन याच्याकडे पोसायडन आणि अपोलो वर्षभर राबले, झ्यूसच्या हुकमाने. एकविसाव्या सर्गाप्रमाणे पोसायडनने तट बांधला, अपोलोने गुरं राखली. सातव्या सर्गात मात्र दोघांनी मिळून तट बांधला असं येतं. वर्ष भरल्यावर लाओमेडॉनने पैसे तर दिले नाहीतच, वर हातपाय बांधून परक्या बेटांवर विकेन आणि दोघांचे कान कापेन, अशी धमकी दिली. पोसायडन ते विसरला नाही. अपोलो विसरला आणि ट्रॉयच्या बाजूने उभा राहिला, म्हणून पोसायडन त्याला टोमणाही मारतो.

बाकीच्यांची वाटणी सोपी आहे. हेरा, अथीना, हर्मीस, हेफेस्टस ग्रीकांकडे. अपोलो, आर्टेमिस, त्यांची आई लेटो, अफ्रोडायटी, एरिस आणि झांथस नदी ट्रॉयकडे अशी यादी कोणी दिली, तर एरिसच्या जागी तिचा भाऊ एरीज वाचा. मराठीत ही दोन नावं सारखी दिसतात आणि छापताना हमखास अदलाबदल होते. एरीजने आधी ग्रीकांकडून लढण्याचा शब्द हेरा आणि अथीनाला दिला होता, आणि मग बाजू बदलली.

प्रश्न (रत्नागिरी) : छायासीतेसारखी छायाहेलनही होती, हे खरं का?

उत्तर : होमरमध्ये नाही. पण इ. स. पूर्व सहाव्या शतकातल्या स्टेसिकोरस या कवीने लिहिलं की हेलन ट्रॉयला गेलीच नाही, आणि युरिपिडीसने इ. स. पूर्व ४१२ मध्ये यावर अख्खं नाटक केलं : खरी हेलन इजिप्तमध्ये, ट्रॉयमध्ये ढगाची प्रतिमा. हेरोडोटस या इतिहासकाराच्या मते तर प्रतिमाही नव्हती. ट्रॉयचे लोक खरं सांगत होते की बाई आमच्याकडे नाही, आणि ग्रीकांचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

प्रश्न (अलिबाग) : आमच्या वाचनमंडळात दर वेळी दुसऱ्या सर्गाला माणसं गळतात. काय करावं?

उत्तर : गळतात ती जहाजांच्या यादीपाशी. पहिल्या फेरीत ती सोडा, शेवटी हौसेने वाचा. १, ३, ६, ९, १६, १८, २२, २४ हे सर्ग आधी घ्या. एका बैठकीला एक, कारण सरासरी सर्ग ६५० ओळींचा आहे. पाचवा सगळ्यांत लांब, ९०९ ओळींचा, तो दोन बैठकांत फोडा. एकोणिसावा ४२४ ओळींचा आहे, लाइट जाण्याच्या दिवसांत तो हाताशी ठेवा.