विळी माळ्यावर गेली तेव्हा

"मॅडम, तो खुनी पकडला जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. माझ्यात काही विकृत आहे का?"

मी समुपदेशक आहे. शब्द बदलतात, पण हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कधी आई विचारते, "मुलगी सतत खुनाची पुस्तकं वाचते, तिला दाखवायला आणू का?" कधी एखादा मुलगा मान खाली घालून विचारतो. या बाईंनी विचारलं तेव्हा त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पर्स मांडीवर आणि दोन्ही हात पर्सवर घट्ट. वय चौतीस, सहकारी बँकेत नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांच्या सोसायटीत सात-आठ जणींचा वाचनकट्टा आहे. महिन्याला एक पुस्तक ठरतं, मग एकीच्या घरी पोहे, चहा आणि चर्चा. त्या महिन्यात इंग्रजीतून मराठीत आलेली एका सीरियल किलरची कादंबरी होती. सगळी गोष्ट खुनीच सांगतो, 'मी' म्हणून. माणूस हुशार, बोलायला गोड, म्हाताऱ्या आईचं सगळं करणारा, आणि मधेच तितक्याच शांतपणे माणसं मारणारा. वर्णनं फार अंगावर येणारी.

कट्ट्यावर एकीने पन्नासाव्या पानालाच पुस्तक मिटलं होतं, मळमळायला लागलं म्हणून. दुसरीने एका रात्रीत संपवलं, सकाळी डबा करायला उशीर झाला. तिसरीला तिसऱ्या खुनानंतर चक्क कंटाळा आला. निवृत्त शिक्षिका असलेल्या काकू म्हणाल्या, "असलं लिहिणाऱ्याचंच डोकं तपासून घ्यायला हवं." सगळ्या हसल्या. आमच्या बाई गप्प. त्यांना पुस्तक आवडलं होतं. पोलीस खुन्याच्या दारापर्यंत येतात त्या प्रसंगात आपण त्याच्यासाठी श्वास रोखून धरला होता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. लिहिणाऱ्याचं डोकं तपासायचं, तर आवडीने वाचणाऱ्याचं काय, हे वाक्य त्या घरी घेऊन आल्या.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्या कोशिंबिरीसाठी विळीवर काकडी चिरत होत्या. मुलगा शेजारीच फरशीवर डब्यांची झाकणं वाजवत बसला होता. आणि एकदम डोक्यात आलं, आत्ता हे पातं याच्या...

पुढचं त्या माझ्यासमोरही बोलू शकल्या नाहीत. हात गार पडले. मुलाला उचलून सासूबाईंच्या खोलीत नेऊन बसवलं. रात्री सगळे झोपल्यावर विळी, दोन सुऱ्या आणि कात्री जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, वरून सुतळी बांधली आणि पुडकं माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यामागे सरकवलं. कादंबरी पिशवीत घालून वॉशिंग मशीनच्या मागे. शेवटची साठेक पानं वाचायची राहिली होती.

पुढचे तीन आठवडे घरात कोशिंबीर झाली नाही. भाजी निवडलेली, चिरलेली विकत. कोथिंबीर हाताने तोडलेली. टोमॅटो मिक्सरमध्ये. सासूबाईंना वाटलं, नोकरीचा ताण असेल. त्या शेजारणीची विळी मागून आणायला निघाल्या तेव्हा या रडायलाच लागल्या, आणि मग नवरा त्यांना माझ्याकडे घेऊन आला.

अशा वेळी मी आधी बरंच काही विचारते. विचार आल्यावर काय वाटलं, बरं की भयंकर? कुणाचा राग आहे का? कुणी बोलतंय, हुकूम देतंय असं ऐकू येतं का? झोप, भूक, जुनं दुखणं, बाळंतपणानंतरचे दिवस कसे गेले? त्यांच्या उत्तरांमध्ये राग नव्हता, बेत नव्हता, सुख तर नव्हतंच. होती ती निव्वळ दहशत, स्वतःचीच.

हे मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. नको असलेले, घाणेरडे, हिंसक विचार बहुतेक माणसांच्या डोक्यात चमकून जातात. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कोणताही मानसिक आजार नसलेल्या साध्या माणसांना याबद्दल विचारलं, तर सुमारे ऐंशी टक्के लोकांनी असे विचार येतात म्हणून सांगितलं. लोकल फलाटावर शिरताना 'उडी मारली तर?', गॅलरीत बाळ कडेवर असताना 'हातातून सोडलं तर?' बहुतेक जण 'काहीतरीच!' म्हणून पुढे जातात. काही जण तिथेच थबकतात, 'असं माझ्या मनात आलंच कसं?' म्हणून. माझा अनुभव असा, की थबकणारी माणसं बहुतेकदा फार हळवी आणि जबाबदारीची असतात. विचार नेमका त्यांच्या सर्वांत जिवाच्या माणसावर येऊन बसतो, कारण तिथेच त्यांना सर्वांत जास्त दुखतं. देवभक्त माणसाला देवाबद्दल शिव्या सुचतात, आईला मुलाबद्दल असलं सुचतं.

आणि विचार हाकलायला गेलं की तो घट्ट होतो. औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही वैद्याची अट आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये हेच प्रयोगात दाखवलं, फक्त माकडाच्या जागी पांढरं अस्वल होतं. माळ्यावरचं ते पुडकं म्हणजे या बाईंचं माकड झालं होतं. घरात शिरलं की आधी नजर माळ्याकडे.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. पहिल्या भेटीच्या शेवटी दारात थांबून त्यांनी विचारलं, "पण मी खरंच तसं करणार नाही ना?" त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "नाही हो, कधीच नाही." त्या हलक्या होऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, तोच प्रश्न. मग रोज. घरी नवऱ्याला झोपायच्या आधी, सकाळी उठल्यावर, ऑफिसमधून फोन करून. माझ्या 'नाही'ने मिळालेला दिलासा आधी दिवसभर टिकायचा, मग तासभर, मग पाच मिनिटं. विळीभोवती एक सुतळी त्यांनी बांधली होती, दुसरी मी बांधून दिली. इतकी वर्षं काम करूनही समोरच्याचे डोळे भरले की हा मोह मला आवरत नाही, आणि त्याची किंमत त्यांनी दोन आठवडे जास्त सोसून मोजली. मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं आणि माफी मागितली.

मी औषधं देत नाही, निदानही एकटीने करत नाही. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या तज्ज्ञांनी हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार असल्याचं सांगितलं. मंत्रचळ म्हटलं की आपल्याला सतत हात धुणारा माणूस आठवतो. पण ज्यात बाहेरून काहीच दिसत नाही आणि सगळं धुणं-पुसणं मनातच चालतं, असाही मंत्रचळ असतो, आणि लाजेपोटी तो वर्षानुवर्षं लपून राहतो.

मग आम्ही पायऱ्या ठरवल्या. पहिल्या आठवड्यात पुडकं फक्त खाली काढायचं आणि समोर ठेवून बसायचं. छातीत धडधडलं तरी उठायचं नाही, धडधड आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. मग सुतळी सोडायची. मग मुलगा शाळेत असताना एक काकडी. मग तो पलीकडच्या खोलीत असताना. नवऱ्यालाही काम दिलं. "मी तसं करणार नाही ना?" असं विचारलं की "नाही" म्हणायचं नाही, "हा तोच ओळखीचा प्रश्न दिसतोय" एवढंच म्हणायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. त्यांना ते फार जड गेलं. "बायको रडतेय आणि मी पेपर वाचू?" म्हणाले. दोघांनीही नेटाने केलं. मधे एक आठवडा सगळं मागे गेलं, विळी पुन्हा माळ्यावर गेली, पण या वेळी गुंडाळलेली नव्हती.

पुस्तकाचं मात्र बोलायचं राहिलं होतं. विचार कसाही आला असो, 'मला तो खुनी आवडला' ही बोच त्यांच्या मनातून जात नव्हती. मी त्यांना विचारलं, मुलाला गोष्टी कोणत्या सांगता? म्हणाल्या, नरसिंहाची, आणि अफझलखानाची, ती त्याची सर्वांत लाडकी. म्हटलं, म्हणजे पोट फाडल्याची आणि कोथळा काढल्याची. त्या थोड्या गोंधळल्या. "पण तिथे आपण महाराजांच्या बाजूने असतो."

बरोबर. फरक तिथेच आहे. या कादंबरीत लेखकाने वाचकाला उचलून खुन्याच्या डोक्यात बसवलंय. ज्याच्या डोळ्यांनी बघायचं, त्याची थोडीतरी काळजी वाटतेच, ते वाटायला लावणं हेच त्या लेखकाचं कसब. भयानक आणि बीभत्स हे दोन रस भरतमुनींनी नाट्यशास्त्रातच शृंगार-वीरांच्या पंक्तीला बसवून ठेवलेत. आणि दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बसण्याच्या या अनुभवालाच साहित्यिक न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात सविकल्प समाधी म्हटलं होतं. वाचताना आपण दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याच्याशी एकरूप होतो, पण आपण आपणच आहोत हे भानही सुटत नाही. बाईंनी हा शब्द वहीत लिहून घेतला. समुपदेशनाच्या खोलीत केळकर कामाला येतील असं मलाही वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांना आश्चर्याची वाटली. अमांडा विकारी आणि ख्रिस फ्रेली यांच्या २०१० च्या अभ्यासात खऱ्या गुन्ह्यांच्या पुस्तकांकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त ओढल्या जातात असं दिसलं. बळी पडलेली बाई निसटली कशी हे पुस्तकात असेल तर ते हवंसं वाटण्याचं प्रमाणही बायकांमध्ये अधिक होतं. बाई लगेच म्हणाल्या, "रात्री रिक्षात बसताना मी नंबरचा फोटो नवऱ्याला पाठवते, तसंच ना हे?" मला तो दाखला फार पटला.

म्हणून कुणी काहीही वाचावं आणि चालवून घ्यावं, असं मी म्हणणार नाही. पन्नासाव्या पानाला पुस्तक मिटणारी ती मैत्रीणही तितकीच बरोबर होती. ज्यांनी घरात मारहाण सोसली आहे, किंवा प्रत्यक्ष रक्त पाहिलं आहे, त्यांना असल्या पानांवर गोष्ट दिसत नाही, त्यांचं अंग पुन्हा त्या दिवसात जातं. त्यांना "एवढं काय, पुस्तकच तर आहे" म्हणू नये, आणि मधेच का सोडलं हे खोदून विचारूही नये. आणि हिंसेचा विचार कुणाला सुखावत असेल, ठरावीक माणसावर रोखलेला असेल, मुक्या जनावरांवर हात उचलला जात असेल, कुणी हुकूम देतंय असं ऐकू येत असेल, किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं वागणं एकाएकी बदललं असेल, तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. पण ज्या मुलीला खुनाची पुस्तकं आवडतात, जी जेवते, झोपते, मैत्रिणींत हसते, तिला माझ्याकडे आणायची गरज नाही. तिच्याकडून पुस्तक मागून घ्या आणि तुम्हीही वाचा.

तीन महिन्यांनी बाई आल्या त्या मुलाला घेऊन. त्याने डबा उघडून मला सफरचंदाच्या फोडी दिल्या, जाड-बारीक, कडेने तांबूस झालेल्या. "मी कापल्या," तो म्हणाला. "सुरी मी धरली होती, आईने माझा हात धरला होता." विचार अजून कधी कधी येतो, बाई म्हणाल्या. आला तर येतो, आणि कांदा चिरून होईपर्यंत निघून जातो.

मग जाता जाता त्यांनी पर्समधून ती कादंबरी काढून दाखवली. परत द्यायला निघाल्या होत्या. राहिलेली साठ पानं वाचून झाली होती.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"शेवट फसलाय हो, मॅडम," त्या म्हणाल्या. "इतका सावध माणूस, आणि पावती खिशात ठेवून फिरतो? मी आज कट्ट्यावर सांगणार आहे सगळ्यांना."