मंदिराच्या कॅमेऱ्यांचे पैसे केंद्राचे, मग अर्ज राज्याकडे का?

तुमचा प्रश्न असा आहे: न्यू जर्सीतल्या तुमच्या मंदिराची दानपेटी फुटली, भिंतीवर कुणीतरी घाणेरडं लिहून गेलं. कमिटीत कुणी म्हणालं, फेमा (अमेरिकेच्या केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था) कॅमेऱ्यांना आणि कुंपणाला अनुदान देते. फेमाच्या साइटवर अर्ज सापडेना, फोन केला तर "तुमच्या राज्याकडे जा" म्हणाले. पैसे वॉशिंग्टनचे, तर राज्य मध्ये कशाला, आणि ते त्यातलं किती खातं?

मी एका काउंटीच्या आपत्ती व्यवस्थापन खात्यात ग्रँटचे हिशेब बघते. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, फक्त कलेक्टर नसलेला.) म्हणजे राज्यापुढे हात पसरणाऱ्यांच्या रांगेत मीही तुमच्यासारखीच उभी असते, फक्त रोज.

राज्य मध्ये आहे कारण अमेरिकेत गावं, शहरं, काउंट्या, शाळांची आणि पाणीपुरवठ्याची मंडळं धरून सुमारे 90 हजार स्थानिक सरकारं आहेत. फेमाने प्रत्येकाशी करार करायचा म्हटलं तर दुसरं काही व्हायचंच नाही. म्हणून प्रत्येक राज्यातलं एकच कार्यालय अर्ज करू शकतं. त्याला स्टेट ॲडमिनिस्ट्रेटिव्ह एजन्सी म्हणतात, आम्ही नुसतं 'एसएए' म्हणतो. तुमच्याकडे ते राज्याचं होमलँड सिक्युरिटी अँड प्रिपेअर्डनेस कार्यालय आहे, टेक्ससमध्ये थेट गव्हर्नरचं कार्यालय, कॅलिफोर्नियात कॅल ओईएस, म्हणजे राज्याचं आपत्कालीन सेवा कार्यालय. नाव काहीही असो, फेमाशी सही त्यांची. उद्या तुम्ही पैसे भलतीकडे खर्च केलेत तर फेमा वसुलीला तुमच्या दारात येत नाही, राज्याच्या दारात जाते. राज्याचा माणूस एकेका पावतीसाठी तुमचा जीव खाईल तेव्हा हे आठवा. राग निम्मा होतो. पूर्ण जात नाही, हे अनुभवाने सांगते.

आता "खातं किती". मुख्य योजना होमलँड सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम. 2023 मध्ये तिच्यात 112 कोटी डॉलर होते: 41.5 कोटी राज्यांच्या योजनेत, 61.5 कोटी मोठ्या शहरी पट्ट्यांसाठी, 9 कोटी सीमेवरच्या गस्तीसाठी. कायदा म्हणतो की राज्याने किमान 80 टक्के रक्कम स्थानिकांना द्यायची. उरलेले 20 टक्के हे कमिशन नव्हे. ते राज्य स्वतःच्या कामांवर खर्च करतं, आणि शहरी पट्ट्याच्या पैशातून ठेवलं असेल तर ते त्या पट्ट्याच्याच कामी लागावं लागतं. कारकून, ऑडिट, फायली यांच्यासाठी फार तर 5 टक्के. तुमच्या मंदिराच्या योजनेतही राज्याचा वाटा तेवढ्यापुरताच.

80 टक्के 45 दिवसांत द्यायचे, असाही नियम आहे. हा वाचून दर वर्षी कुठल्यातरी गावचा पोलीसप्रमुख मला फोन करतो, "आमचे पैसे आले का?" आलेले नसतात. 45 दिवसांत राज्याने फक्त लेखी ठरवून द्यायचं असतं की कुणाला किती. आपल्याकडे कामाला प्रशासकीय मान्यता मिळते आणि सरपंच पेढे वाटतो, पण खात्यात रुपया नसतो, तसंच. पुढे वस्तू तुम्ही आपल्या पैशाने घ्यायची, बिल आणि पैसे चुकते केल्याचा पुरावा राज्याला पाठवायचा, मग परतफेड. आपल्याकडे निधी आधी आणि उपयोगिता प्रमाणपत्र नंतर, इथे गाडी नेमकी उलटी.

आणि 80 टक्क्यांतली एक पळवाटही सांगून ठेवते. स्थानिकांनी लेखी संमती दिली तर त्यांचा वाटा राज्य स्वतःकडेच ठेवून त्यांच्या वतीने खर्च करू शकतं. रेडिओ यंत्रणेसारख्या सगळ्यांच्या कामाला हे बरंच असतं, कारण वीस गावांनी वीस तऱ्हेचे वायरलेस घेतले तर पुरात एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. पण संमतीचा कागद सहीला आला की मी तो दोनदा वाचते.

एवढी कडक शिस्त का, त्याला इतिहास आहे. 2001 च्या हल्ल्यानंतर पैसा धो धो सुटला आणि वाटप बरंचसं सरसकट झालं. माणशी हिशेब केला तर वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्याला न्यूयॉर्कपेक्षा जास्त मिळत होतं! 2007 च्या कायद्याने जोखमीला वजन दिलं, तरी प्रत्येक राज्याला एका किमान वाट्याची हमी ठेवलीच, कारण सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, वायोमिंगचेही सदस्य दोनच आणि न्यूयॉर्कचेही दोनच. पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या कीन नावाच्या छोट्या गावाने चिलखती गाडी मागितली आणि अर्जात आपल्या भोपळा महोत्सवाचा दाखला दिला. 2012 मध्ये सिनेटर टॉम कोबर्न यांनी अशा खर्चांचा अहवालच काढला. त्यानंतर अर्जातल्या प्रत्येक वस्तूला "कुठली जोखीम?" हा प्रश्न जास्तच चिकटला.

तुमची योजना वेगळी, नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम. नोंदणीकृत धर्मादाय संस्था, म्हणजे मंदिर, चर्च, सिनेगॉग, मशीद, शाळा, कुणीही. 2023 मध्ये एका जागेमागे दीड लाख डॉलरपर्यंत मागता येत होते, आणि पदरचा हिस्सा घालावा लागत नाही. तुम्ही राज्याला अर्ज देता, राज्य गुण देऊन क्रम लावतं आणि सगळा गठ्ठा फेमाकडे पाठवतं. फेमाने जाहीर केलेली शेवटची तारीख राज्यासाठी असते. तुमची तारीख राज्य ठरवतं आणि ती बरीच आधी असते. दर वर्षी बरेच लोक इथेच गळतात.

अर्जात दानपेटीचं रडगाणं एका ओळीत आटपा. ही योजना चोरीसाठी नाही, दहशतवादी किंवा तशा टोकाच्या हल्ल्याच्या धोक्यासाठी आहे. भिंतीवर लिहिलेलं तुमच्या जास्त कामाचं: त्याचा फोटो, पोलीस तक्रारीचा क्रमांक, तारीख. सोबत जागेची सुरक्षा तपासणी जोडावी लागते. ती स्थानिक पोलीस करून देतात, केंद्राच्या सायबर आणि पायाभूत सुरक्षा संस्थेचे सल्लागारही फुकट करतात. कमिटीतला एखादा 'ओळखीचा कन्सल्टंट' त्याचे तीन हजार मागत असेल तर आधी हे दोन फोन करा. तपासणीत जी फट दिसली तिच्यासाठीच वस्तू मागायची. मागचं दार कुलपाशिवाय असल्याचं लिहून पुढच्या दाराला आठ कॅमेरे मागितले की गुण गेलेच.

आणि मंजुरी आली तरी ड्रिल लावायचं नाही! पर्यावरण आणि ऐतिहासिक वास्तूंची वेगळी तपासणी असते. प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक खांब कुठे बसणार तिथला फोटो काढून त्यावर बाण मारून पाठवायचा. आपली बरीच मंदिरं जुनी चर्च विकत घेऊन केलेली. इमारत 50 वर्षांपुढची असली की राज्याचं वारसा खातंही बघतं. आमच्या भागातल्या एका देवस्थानाने गणपतीच्या आत काम उरकायचं म्हणून शनिवार-रविवारात गेटचे खांब रोवले, खड्डे खणून, काँक्रीट ओतून. तपासणीचं उत्तर यायचं होतं. खांब सुंदर आहेत, आजही उभे आहेत, पण त्यांचा एक डॉलरही परत मिळाला नाही. वर्गणी काढून कंत्राटदाराचं बिल भागवलं.

महागडी वस्तू घेतलीत तर ती कुठे आहे याची नोंद ठेवा, दोन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष मोजणी असते. मी एकदा आमचाच एक जनरेटर शोधत अख्खी सकाळ तीन अग्निशमन केंद्रं पालथी घातली. सापडला तेव्हा त्याच्यावर ख्रिसमसच्या माळांचे खोके रचलेले होते आणि आमचं स्टिकर खाली दबलं होतं. खोके उतरवून स्टिकरचा फोटो काढल्याशिवाय मला निघता येईना.

तारखा दर वर्षी हलतात, 2025 मध्ये तर अनुदानाच्या अटींवरून राज्यं कोर्टात गेली होती. त्यामुळे या वर्षीचं वेळापत्रक इथे विचारू नका, एसएएला ईमेल करून त्यांच्या यादीत नाव घाला. केंद्राच्या सॅम (sam.gov) साइटवरून संस्थेचा यूईआय, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, आजच मागवा, कारण संस्थेच्या नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं निघतं आणि तिथे आठवडे जातात. परतफेड येईपर्यंत कंत्राटदाराला द्यायचे पैसे कुठून आणणार, हे कमिटीच्या इतिवृत्तात लिहून घ्या, तोंडी हो-हो नको.